भरलेल्या दाताच्या कडेची गळती मोजताना

दातात भरलेले फिलिंग दाताच्या भिंतींना किती घट्ट बसते आणि त्या दोघांमधल्या फटीतून काय आत झिरपते, हा माझ्या पदव्युत्तर शोधप्रबंधाचा विषय होता. जुलै २०२२ मध्ये विषय ठरला, ऑगस्ट २०२४ मध्ये प्रबंध जमा झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यावरची तोंडी परीक्षा पार पडली. या काळात माझे काही महिने अज्ञानामुळे वाया गेले. जे कोणी आधी सांगितले असते तर ते वाचले असते, ते येथे क्रमाने लिहीत आहे. कन्झर्व्हेटिव्ह दंतशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना त्याचा थेट उपयोग होईल; इतरांना निदान आपल्या तोंडातल्या फिलिंगच्या कडेला नेमके काय चालते याची कल्पना येईल.

विषयाचे मूळ माझ्याच एका चुकीत आहे. शिक्षणाच्या सुरुवातीला एका रुग्णाच्या दाढेतल्या, दाताच्या रंगाच्या फिलिंगभोवती मला तपकिरी रेघ दिसली. रेघ आहे म्हणजे आत कीड असणारच असे धरून मी सबंध फिलिंग काढले, आणि खाली दात स्वच्छ, कडक, निरोगी निघाला. कंपोझिट, म्हणजे हे दाताच्या रंगाचे साहित्य, कोठे संपते आणि दात कोठे सुरू होतो हे ड्रिल फिरत असताना नीट ओळखता येत नाही, त्यामुळे फिलिंगबरोबर निरोगी दाताचाही थोडा भाग गेला. मी रुग्णाला ते सांगितले आणि त्यांनी समजूनही घेतले, पण मला मात्र ते लागून राहिले. कडेची रेघ म्हणजे गळती का, आणि गळती म्हणजे कीड का, हे दोन प्रश्न घेऊन मी माझ्या गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “दुसरा प्रश्न तुला तीन वर्षांत सुटणार नाही. पहिल्याचा एक कोपरा धर.”

पहिले दोन महिने वाचनात गेले, आणि ते वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही. १९५२ मध्ये नेल्सन, वॉलकॉट आणि पॅफेनबर्गर यांनी एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. भरलेला दात बर्फासारखा थंड करून मग बोटांत धरून ऊब दिली की फिलिंगच्या कडेने द्रवाचे थेंब बाहेर येताना दिसत. दात आणि भरलेले साहित्य तापमानाबरोबर सारखे प्रसरण पावत नाहीत, हे त्याचे कारण. दाताचा प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला दशलक्षात साधारण ११, अमाल्गमचा, म्हणजे चांदीच्या रंगाच्या पारायुक्त मिश्रधातूचा, २५ च्या आसपास, तर त्या काळी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे प्रत्येक गरम-थंड घोटाबरोबर ती फट किंचित उघडते, मिटते, आणि द्रव आत ओढला जातो व बाहेर टाकला जातो. आम्ही ज्याला मायक्रोलीकेज म्हणतो ती ही सूक्ष्म गळती डोळ्यांना दिसू शकते, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

त्यानंतर १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणावर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून त्यावर ॲक्रिलिक अधिक घट्ट बसते हे दाखवले. आज आपण ३७ टक्क्यांच्या आसपासचे जेल वापरतो, पण तत्त्व तेच आहे : आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पातळ रेझिन त्या खाचाखोचांत शिरून धरून राहते. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असल्यामुळे ते कोरडे करता येते आणि चिकटवणे सोपे जाते. त्याखालच्या थराचे, डेंटिनचे, तसे नाही. त्यात सुमारे ७० टक्केच खनिज, बाकी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी, शिवाय पल्पकडून, म्हणजे दाताच्या गाभ्यातल्या जिवंत ऊतीकडून, येणाऱ्या द्रवाने भरलेल्या हजारो सूक्ष्म नलिका. ओल्या जमिनीला पाणी नको असणारे रेझिन कसे धरून राहील, याचे समाधानकारक उत्तर १९८२ मध्ये नाकाबायाशी यांच्या हायब्रिड लेयरच्या वर्णनाने मिळाले. कोलॅजेनच्या जाळीत रेझिन शिरून तेथेच घट्ट होते आणि दात व रेझिन यांचा एक मिश्र थर तयार होतो.

यातून विषय आकाराला आला. दाताच्या मानेजवळ असा खड्डा करायचा की त्याची वरची कड इनॅमलवर आणि खालची कड डेंटिनवर येईल. तो तीन पद्धतींनी भरायचा आणि दोन्ही कडांची गळती रंगाने मोजायची. पहिल्या गटात आम्लाने एचिंग करून (पृष्ठभाग कोरून) धुऊन मग बाँडिंग, म्हणजे चिकटवणारे पातळ रेझिन, व कंपोझिट, दुसऱ्यात वेगळे आम्ल न लावता स्वतःच पृष्ठभाग कोरणारे सेल्फ-एच बाँडिंग व कंपोझिट, तिसऱ्यात रेझिन मिसळलेले ग्लास आयनोमर हे सिमेंट. प्रत्येक गटात २० याप्रमाणे एकूण ६० दात. हा आकडा मी अंदाजाने लिहून नेला होता. मॅडमनी तो खोडून आधी संख्याशास्त्रज्ञांना भेटायला सांगितले. त्यांनी आधीच्या अभ्यासांतल्या फरकांवरून हिशेब केला आणि योगायोगाने आकडा तोच निघाला, पण आता त्यामागे कारण होते. संख्याशास्त्रज्ञांना शेवटी नव्हे, सिनॉप्सिसच्या, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याच्या, आधी भेटावे. ते शुल्क घेतात, आणि तो खर्च सत्कारणी लागतो.

सिनॉप्सिस नोव्हेंबर २०२२ मध्ये जमा केला. एथिक्स कमिटीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असे. पहिली बैठक माझ्या हातून गेली, कारण अर्जाच्या तेरा प्रतींपैकी एका प्रतीवर विभागप्रमुखांची सही राहिली होती. दुसऱ्या बैठकीत, १८ जानेवारी २०२३ रोजी, मला आत बोलावले गेले. काढून टाकलेल्या दातांवर काम करायचे म्हणजे परवानगी ही औपचारिकता, अशी माझी समजूत होती. समितीने तीन प्रश्न लिहून अर्ज परत केला : रुग्णाने दात परत मागितला तर काय करणार, दातावरून रुग्णाची ओळख पटणार नाही याची व्यवस्था काय, आणि अभ्यास संपल्यावर दातांची विल्हेवाट कशी लावणार. तिन्ही प्रश्न रास्त होते आणि एकाचेही उत्तर माझ्याकडे तयार नव्हते.

मग संमतीपत्रक नव्याने लिहिले. त्यात, दात उपचाराच्या गरजेनेच काढला जात आहे, अभ्यासासाठी नव्हे, हे पहिल्या वाक्यात घातले. दात देण्यास नकार दिल्याने उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे दुसऱ्या वाक्यात. बाटलीवर नाव नाही, फक्त क्रमांक आणि काढल्याची तारीख. नावांची यादी कोठेच ठेवायची नाही. मंजुरीचे पत्र २७ मार्च २०२३ रोजी हाती आले. तोपर्यंत एकही दात गोळा करायचा नसतो. मंजुरीच्या तारखेआधीचा दात अभ्यासात आढळला तर सगळ्या कामावर प्रश्नचिन्ह लागते, म्हणून वाट पाहण्याचा कितीही कंटाळा आला तरी हा नियम मोडू नये.

दात गोळा करण्याचा काळ सर्वांत अनिश्चित होता. मला दात सरळ करण्याच्या उपचारासाठी काढलेल्या उपदाढा हव्या होत्या, कारण त्या बहुधा किडलेल्या नसतात. शल्यक्रिया विभागात मी बाटल्या ठेवून आले आणि दर शुक्रवारी त्या आणायला जाऊ लागले. पहिल्या तीन आठवड्यांचे अकरा दात मला टाकून द्यावे लागले. काही कोरड्या बाटलीत पडून राहिले होते, काही कोणीतरी काळजीपोटी फॉर्मॅलिनमध्ये घातले होते. दात कोरडा पडला की त्यात तडे जातात. फॉर्मॅलिन कोलॅजेनवर परिणाम करते, आणि डेंटिनला चिकटण्याचा सगळा प्रश्नच कोलॅजेनचा आहे. चूक माझी होती. मी बाटल्या ठेवल्या, पण त्यावर सूचना लिहिली नव्हती आणि कोणाशी बोललेही नव्हते.

त्यानंतर मी आयएसओ ११४०५ या तांत्रिक मार्गदर्शिकेप्रमाणे व्यवस्था लावली. दात काढल्याबरोबर धुऊन, चिकटलेले मांस काढून तो ०.५ टक्के क्लोरामाइन-टी द्रावणात जास्तीत जास्त एक आठवडा ठेवायचा आणि नंतर ४ अंश सेल्सिअसला डिस्टिल्ड पाण्यात, पाणी वेळोवेळी बदलत. शक्यतो महिन्याभरात आणि कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांच्या आत तो वापरायचा, कारण दात काढल्यानंतर डेंटिनमध्ये बदल होत राहतात. ही सहा महिन्यांची मर्यादा वाचली तेव्हा माझ्या लक्षात आले की संथपणे गोळा करण्याची चैन मला परवडणारी नाही. मी शल्यक्रिया विभागातल्या मावशींना बाटलीतले द्रावण कशासाठी आहे हे दहा मिनिटे बसून समजावले. त्या दिवसापासून एकही दात वाया गेला नाही. उलट बाटली भरत आली की त्याच मला निरोप पाठवू लागल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ७८ दात जमले. मागून प्रकाश टाकून प्रत्येक दात तपासला, तडे असलेले बाजूला काढले, आणि ६० अधिक चाचणीसाठी सहा असे ६६ ठेवले.

ते सहा दात नसते तर माझा प्रबंध बुडाला असता. पायलटमध्ये मी सहाही दात भरले, मुळाच्या टोकाला मेण लावले, कडेभोवती १ मिलिमीटर जागा सोडून बाकी दातावर नेलपॉलिशचा एक हात दिला, २ टक्के मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात २४ तास ठेवले आणि कापले. सहापैकी चार दात आतून जवळजवळ पूर्ण निळे निघाले. क्षणभर मला वाटले की माझी सर्व फिलिंगे गळकी आहेत, आणि मी रुग्णांच्या तोंडात आजवर काय करत आले या विचाराने ती रात्र नीट झोपही लागली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते काप भिंगाखाली धरले आणि निळा रंग कोठून कोठे गडद होत जातो ते पाहायला सांगितले. तो फिलिंगच्या कडेकडून आत गेलेला नव्हता. मुळाच्या टोकाकडून पल्पच्या पोकळीत चढून तेथून नलिकांवाटे बाहेरच्या बाजूला पसरला होता. गळती होती, पण मेणाची.

त्यानंतरचे बदल असे. मुळाच्या टोकाला मेणाऐवजी तेथेही एचिंग, बाँडिंग करून कंपोझिट लावले. नेलपॉलिशचे दोन हात दिले, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही, आणि दोन्हींनंतर भिंगाखाली ओरखडे तपासले. सोडायच्या १ मिलिमीटर जागेसाठी चिकटपट्टीचे छोटे तुकडे कापून फिलिंगवर आधी लावले आणि नेलपॉलिश वाळल्यावर काढले. त्यामुळे सर्व दातांवर कड सारखी मोकळी राहिली. मिथिलीन ब्लूचे द्रावण बफर करून उदासीन केले, कारण साधे द्रावण आम्लधर्मी असते आणि ते स्वतःच दाताचे खनिज विरघळवून गळती असल्याचा आभास निर्माण करू शकते.

एक चूक होता होता राहिली. गट ओळखता यावेत म्हणून मी तीन रंगांची नेलपॉलिशे आणली होती. ती कपाटात पाहून माझ्या वर्गमैत्रिणीने विचारले, की मग गुण देणाऱ्याला कोणता दात कोणत्या गटाचा हे कळणार नाही का? प्रश्न इतका सरळ होता की मला उत्तर द्यायला काहीच उरले नाही. मग सर्वांना एकच रंग दिला, प्रत्येक दाताला यादृच्छिक क्रमांक दिला आणि क्रमांक-गटाची यादी बंद पाकिटात तिच्याकडे ठेवली. तरीही कंपोझिट आणि ग्लास आयनोमर यांचा पोत भिंगाखाली वेगळा दिसतो, म्हणून तिसऱ्या गटापुरती ही गोपनीयता अपुरीच होती. ते मी प्रबंधात मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहिले.

मुख्य काम सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. रोज सहा दात, त्याहून अधिक नाही, असा नियम केला, कारण सातव्या दाताला हात थकलेला असतो आणि मग मोजला जातो तो थकवा. खड्डा ३ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर उंच, २ मिलिमीटर खोल. दर पाच दातांनंतर नवा बर, म्हणजे ड्रिलचे टोक. क्युरिंग लाइटची तीव्रता रोज सकाळी रेडिओमीटरने तपासून वहीत लिहिली. कंपोझिट प्रकाशाने कडक होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसते. भिंतींना चिकटलेला पृष्ठभाग मोकळ्या पृष्ठभागापेक्षा जितका जास्त, तितका हा ताण कडेवर अधिक येतो. फाइल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी १९८७ मध्ये मांडलेला सी-फॅक्टर म्हणजे या दोन पृष्ठभागांचे गुणोत्तर. माझा खड्डा पाच बाजूंनी बंद आणि एका बाजूने मोकळा होता. म्हणून मी कंपोझिट तिरप्या थरांत भरले, एका वेळी इनॅमल आणि डेंटिनच्या दोन्ही भिंतींना जोडणारा थर टाळला. खरी झुंज या दोन भिंतींमध्ये असते. आकसताना कंपोझिट दोन्हींना ओढते, आणि जिची पकड कमी तिच्या बाजूने ते सुटते. ती बाजू बहुतेक वेळा डेंटिनची असते.

भरल्यानंतर दात २४ तास ३७ अंशांच्या पाण्यात ठेवले आणि मगच थर्मोसायकलिंगला, म्हणजे यंत्राने थंड आणि गरम पाण्यात आळीपाळीने बुडवायला, नेले. ते यंत्र आमच्याकडे नव्हते. दुसऱ्या एका संस्थेत ते होते, त्यासाठी दोन्हीकडच्या प्रमुखांची पत्रे लागली आणि वेळ मिळायला पाच आठवडे लागले. यंत्राचे शुल्क वापराच्या तासांवर होते आणि माझ्या एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग तोच ठरला. सगळे ६० दात एकाच फेरीत बसतील अशी जाळीची पिशवी शिवून नेली तर पैसेही वाचतात आणि सर्वांना सारखी वागणूकही मिळते. पाच आठवड्यांच्या प्रतीक्षेत दात तसेच पाण्यात होते, आणि मला सहा महिन्यांची मर्यादा सतत दिसत होती. एप्रिलच्या अखेरीस काढलेले दात ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्रातून बाहेर आले. यंत्राच्या वेळेसाठीचा अर्ज दात गोळा करायला सुरुवात करतानाच द्यावा.

मार्गदर्शिकेप्रमाणे ५०० फेऱ्या केल्या : ५ अंश आणि ५५ अंश सेल्सिअस, प्रत्येक पाण्यात निदान २० सेकंद. यंत्राजवळ बसून टोपली या पाण्यातून त्या पाण्यात जाताना पाहत असताना मला ५०० हा आकडा फार मोठा वाटला होता. नंतर वाचले, की गेल आणि डार्व्हेल यांनी १९९९ मध्ये तोंडातल्या एका वर्षासाठी साधारण १०,००० फेऱ्यांचा अंदाज सुचवला आहे. त्या हिशेबाने माझ्या फिलिंगांचे वय जेमतेम अठरा दिवसांचे होते.

काप घेण्याचे काम नोव्हेंबरमध्ये, पाण्याच्या धारेखाली मंद फिरणाऱ्या हिऱ्याच्या पात्याने केले. प्रयोगशाळेतल्या मामांनी दात रेझिनच्या ठोकळ्यात सरळ बसवायला शिकवले. ठोकळा तिरपा बसला की काप फिलिंगच्या मध्यातून जात नाही. एका दाताचे निदान दोन काप घ्यावेत. एकाच कडेवर डाव्या कापात काहीच रंग नाही आणि उजव्या कापात तो थेट तळापर्यंत, असे मला अनेकदा दिसले. मी प्रत्येक कडेसाठी सर्वांत वाईट गुण धरला. ग्लास आयनोमरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यात पाणी असते आणि सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली ते वाळू लागले की त्याला बारीक तडे जातात. पहिल्या दोन कापांवर मी ते तडे फटी समजून लिहून ठेवले होते. काप ओले ठेवून, एकेक बाहेर काढून, लगेच छायाचित्र घेतल्यावर तडे दिसेनासे झाले.

गुण ० ते ३. रंग शिरलाच नाही तर ०, भिंतीच्या अर्ध्यापर्यंत गेला तर १, अर्ध्यापलीकडे पण तळाच्या भिंतीला न लागता २, आणि तळाच्या भिंतीवर पसरला तर ३. मी आणि एक सहकारी, दोघांनी वेगवेगळे गुण दिले आणि दोन आठवड्यांनी तेच काप पुन्हा पाहिले. पहिल्या दिवशी आमचे बरेच काप जुळले नाहीत. अर्धे म्हणजे कोठून अर्धे, हेच आम्ही ठरवले नव्हते. मग दहा कापांवर एकत्र बसून खुणा ठरवल्या, पहिले गुण रद्द केले आणि पुन्हा सुरुवात केली. दोघांचे गुण किती जुळतात हे सांगणारा आकडा, कोहेनचा ‘कॅप्पा’, काढण्याआधी हे करणे गरजेचे आहे, आणि ते केल्याचे प्रबंधात लिहिणेही.

या तीन आठवड्यांत मी जे पाहिले ते मला आजही डोळ्यांसमोर दिसते. एचिंग केलेल्या गटात इनॅमलची कड बहुतेक ठिकाणी पांढरी स्वच्छ होती, निळा रंग येऊन उंबऱ्यावर थांबलेला. त्याच दाताच्या, त्याच फिलिंगच्या खालच्या, डेंटिनच्या कडेवर तोच रंग आत शिरलेला. सेल्फ-एच गटात इनॅमलची कड तितकी निर्धोक नव्हती, कारण सौम्य सेल्फ-एच इनॅमलला फॉस्फोरिक आम्लाइतके खोल कोरत नाही. म्हणूनच हल्ली इनॅमलच्या कडेपुरते आधी आम्ल लावायला शिकवतात. डेंटिनच्या कडेवर तिन्ही गट गळले, कमीअधिक. पूर्ण कोरडी खालची कड असलेला गट मला एकही मिळाला नाही.

संख्याशास्त्रज्ञांनी जानेवारी २०२४ मध्ये आकडे तपासले. माझ्या पहिल्या तक्त्यात मी प्रत्येक गटाच्या गुणांची सरासरी काढली होती. त्यांनी विचारले, की गुण २ म्हणजे गुण १ च्या दुप्पट गळती आहे का? नाही. हे गुण क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. म्हणून तीन गटांच्या तुलनेला क्रुस्कल-वॉलिस चाचणी आणि एकाच दाताच्या वरच्या व खालच्या कडेच्या तुलनेला विल्कॉक्सनची जोडीची चाचणी वापरली. सरासरी आणि अनोव्हा (सरासरींची तुलना करणारी चाचणी) घेऊन जमा झालेले प्रबंध मी ग्रंथालयात पाहिले आहेत आणि परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतात.

लेखनाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. फेब्रुवारी ते जून लिहिले, मॅडमनी चार वेळा परत दिले, साहित्यचोरी तपासणीचा दाखला मिळायला नऊ दिवस लागले, बांधणीला तीन. दाखला देणारे कार्यालय प्रबंधाची अंतिम प्रत मागते, त्यामुळे दाखल्यानंतर एक शब्दही बदलता येत नाही, हे लक्षात ठेवून तारखा आखाव्यात.

तोंडी परीक्षेची मला भीती होती ती एकाच प्रश्नाची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच पहिला विचारला : या निळ्या रेघेवरून तुम्ही रुग्णाच्या तोंडातल्या फिलिंगबद्दल काय सांगू शकता? मी म्हणाले, फारच थोडे. मिथिलीन ब्लूचा रेणू साधारण एका नॅनोमीटरचा, तर कीड लावणारा जिवाणू अर्ध्या ते एका मायक्रोमीटरचा, म्हणजे शेकडो पटींनी मोठा. जेथे रंग जातो तेथे जिवाणू जाईलच असे नाही. माझ्या दातांत पल्पचा दाब नव्हता, लाळ नव्हती, चावणे नव्हते. हाइंत्से यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही अशा रंगाच्या चाचण्यांचा प्रत्यक्ष रुग्णांतल्या निकालांशी मेळ बसत नसल्याचे दाखवले आहे. मग हा अभ्यास केलात कशाला, असे त्यांनी शांतपणे विचारले. मी म्हणाले, की कोणते साहित्य अधिक वर्षे टिकेल हे माझा अभ्यास सांगत नाही. एकाच दातात, एकाच हाताने भरलेल्या दोन कडांपैकी कोणती कमकुवत आहे एवढेच तो दाखवतो. ते उत्तर मला आजही प्रामाणिक वाटते.

त्यानंतर त्यांनी विषय रुग्णाकडे नेला आणि मला माझा तो पहिला रुग्ण आठवला. एडविना किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमाल्गमच्या कडांचा अभ्यास करून दाखवले होते, की कडेची फट साधारण ०.४ मिलिमीटरहून रुंद असेल, म्हणजे पिरिओडाँटल प्रोबचे (हिरड्या तपासायच्या बारीक सळईचे) टोक तीत शिरत असेल, तर तेथील डेंटिनमध्ये जिवाणूंचा प्रादुर्भाव लक्षणीय असतो. त्याहून अरुंद फट किंवा नुसता रंग यावरून तसे म्हणता येत नाही. दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या बाबतीतही नुसत्या कडेच्या डागावरून आत कीड आहे असा निष्कर्ष निघत नाही. परीक्षकांनी विचारले, “मग अशी रेघ दिसली तर काय कराल?” मी सांगितले, की आधी कड स्वच्छ करून, वाळवून नीट पाहीन, कड मऊ आहे का ते हलक्या हाताने तपासेन, एक्स-रे घेईन, पोकळी नसेल तर पॉलिश करून छायाचित्र व तारीख नोंदवून पुढच्या तपासणीला बोलावीन, आणि एखाद्या ठिकाणी फट असेल तर सबंध फिलिंग न काढता तेवढीच दुरुस्ती करता येते का ते पाहीन. परीक्षा पस्तीस मिनिटांत संपली.

अभ्यासातले काप समितीला दिलेल्या उत्तरानुसार जैववैद्यकीय कचऱ्यात द्यायचे होते, पण निकाल लागेपर्यंत ते सांभाळून ठेवावे लागतात, कारण परीक्षक काप प्रत्यक्ष पाहायला मागू शकतात. माझ्या परीक्षकांनी तीन मागितले. ते मी ओल्या कापसात, क्रमांकांसह, छोट्या डब्यांत नेले होते. निकालानंतरच्या आठवड्यात विल्हेवाटीच्या नोंदवहीत साठ दातांची नोंद केली आणि सही करून वही परत दिली. क्लोरामाइनच्या रिकाम्या बाटल्या, सूचना चिकटवलेल्या तशाच, शल्यक्रिया विभागातल्या मावशींकडे ठेवल्या आहेत. ज्यांना दात गोळा करायचे असतील त्यांनी आधी त्यांच्याशी बोलावे.